ताट, खिसा आणि शिवार

शरीराला पोसणारा आणि निसर्गाला सोसवणारा आहार म्हणजे शाश्वत आहार. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१९ मध्ये अशा आहाराची तत्त्वे एकत्र मांडली. या आहाराने शरीराची वाढ आणि आरोग्य राखले पाहिजे; जमीन, पाणी, हवामान आणि जैवविविधतेवर कमी भार टाकला पाहिजे; आणि तो सुरक्षित, सहज मिळणारा, परवडणारा व लोकांच्या खाद्यसंस्कृतीला रुचणारा असला पाहिजे. यातली एक अट सुटली की बाकीच्या लंगड्या पडतात. पौष्टिक पण न परवडणारे जेवण तक्त्यावरच राहते. स्वस्त पण निकस जेवण पोट भरते आणि आजार मागे लावते.

भारतापुढचा प्रश्न या अटींच्या मधोमध उभा आहे. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार सगळ्या जगाने भारतीयांसारखे जेवायचे ठरवले, तर २०५० मध्ये अन्नासाठी एका पृथ्वीपेक्षाही कमी, म्हणजे ०.८४ पृथ्वी पुरेल. जी-२० गटातल्या देशांमध्ये हा आकडा सर्वांत चांगला आहे. पण २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. भारतीय ताटाचा पृथ्वीवरचा भार कमी आहे, त्याचे एक कारण त्या ताटात बरेच काही कमी आहे हेही आहे. हे ताट पुरे भरायचे, भार फार न वाढवता भरायचे आणि सामान्य मिळकतीत भरायचे, असा हा तिहेरी पेच आहे.

अन्नाचा निसर्गावरचा भार

माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात अन्नाचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. यात जंगल तोडून केलेली शेती, खते, जनावरे, भातखाचरे, साठवण, वाहतूक, स्वयंपाक आणि उकिरड्यावर सडणारे अन्न असे सगळे येते. जगात नद्या, तलाव आणि भूगर्भातून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते.

हा भार पदार्थागणिक फार बदलतो. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार खास मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिने मिळवताना सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. वाटाण्यातून तेवढीच प्रथिने घेतली तर अर्ध्या किलोपेक्षाही कमी. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा मात्र दहा टक्क्यांच्या आत आहे. अन्न किती लांबून आले यापेक्षा ताटात काय आहे आणि ते कसे पिकवले, यावर भार अधिक ठरतो.

श्रीमंत देशांत या आकड्यांचा अर्थ सरळ निघतो: मांस कमी करा. भारतात दरडोई मांस मुळातच थोडे खाल्ले जाते. इथल्या शेतीचे मोठे उत्सर्जन गुराढोरांच्या पचनातून आणि भातखाचरांतून होते. खाचरात पाणी साचून राहिले की मातीत प्राणवायू उरत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. गाय-म्हैस रवंथ करताना बाहेर पडतो तोही मिथेनच. त्यातही भारतात जनावरामागे दूध कमी असल्याने प्रत्येक लिटरमागचा भार वाढतो. पण हेच जनावर माणसाला न पचणारा कडबा, भुसा आणि पेंड खाऊन दूध, शेण आणि शेतकऱ्याच्या हातात रोजचा पैसा देते. म्हणून दुधाचा हिशेब निव्वळ मिथेनवर मांडता येत नाही.

पाण्याचे चित्र अधिक गंभीर आहे. पंजाबच्या पारंपरिक जेवणात भात मुख्य नव्हता; सरकारी खरेदीची हमी आणि मोफत वीज यांमुळे तिथे भात पसरला आणि भूजल खोल गेले. ते वाचवण्यासाठी राज्याने २००९ मध्ये कायदा करून लावणी पावसाळ्याच्या जवळ ढकलली. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांतले दिवस कमी झाले, आणि शेत लवकर मोकळे करण्यासाठी पराली, म्हणजे कापणीनंतर उरलेली भाताची धाटे, जाळण्याला आणखी जोर मिळाला. महाराष्ट्रात असाच ताण उसाने आणला आहे. लागवडीखालच्या क्षेत्रापैकी लहानशा भागावरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पितो, असा अंदाज आहे. या पाण्यातून मुख्यतः साखर तयार होते, आणि आहारशास्त्राच्या दृष्टीने ती कमीच खायला हवी.

आदर्श ताट कसे असावे

जानेवारी २०१९ मध्ये ‘ईट-लॅन्सेट’ आयोगाने माणसाचे आरोग्य आणि पृथ्वीची मर्यादा यांचा एकत्र विचार करून एक जागतिक आहार सुचवला. वॉल्टर विलेट आणि योहान रॉकस्ट्रॉम हे आयोगाचे प्रमुख होते आणि १६ देशांतले ३७ शास्त्रज्ञ त्यात होते. रोज २,५०० कॅलरींच्या या आहारात सुमारे ३०० ग्रॅम भाज्या, २०० ग्रॅम फळे, २३२ ग्रॅम अख्खी धान्ये, ७५ ग्रॅम कडधान्ये, ५० ग्रॅम सुकामेवा किंवा शेंगदाणे, २५० ग्रॅम दूध किंवा दुधाचे पदार्थ आणि मांस-मासे-अंडी यांचा लहान वाटा होता.

भारतासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे चुकीच्या आहारामुळे आहे, असे त्यांत नमूद आहे. संस्थेने सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांऐवजी काही प्रमाणात अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम, पालेभाज्यांसह भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदामासारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. कॅलरींपैकी धान्यातून जास्तीत जास्त ४५ टक्के याव्यात, असे संस्था म्हणते. प्रत्यक्षात भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून मिळते, आणि त्यांत पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा भरणा असतो. भात-पोळीचा ढीग मोठा, डाळ पातळ, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि फळ आजारी माणसाला, असे हे ताट गरिबांच्याच घरी असते असे नाही. खात्यापित्या घरांतही ते दिसते.

ताटाचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांचा अन्नसुरक्षेचा वार्षिक अहवाल २०२० पासून आरोग्यदायी आहाराची किंमत मोजतो. नुसत्या कॅलरी भागवणाऱ्या जेवणापेक्षा आरोग्यदायी जेवण सरासरी पाचपट महाग पडते, असे त्या पहिल्याच हिशेबात दिसले. २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातल्या सुमारे २८३ कोटी लोकांना असा आहार परवडत नव्हता, आणि भारतात हे प्रमाण निम्म्याहून अधिक लोकसंख्येचे होते. ‘ईट-लॅन्सेट’च्या ताटाचीही अशीच तपासणी झाली. २०११ च्या किमतींनी त्याचा खर्च दिवसाला सरासरी २.८४ डॉलर येत होता, आणि किमान १५८ कोटी लोकांचे रोजचे दरडोई उत्पन्नच त्याहून कमी होते. त्या खर्चात सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ एक तृतीयांश, फळे आणि भाज्यांचा होता.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाचा हिशेब साध्या बाजारभावाने घरीही मांडता येतो. धान्य ४० रुपये किलो, डाळ १२०, भाजी सरासरी ५०, फळे ८०, शेंगदाणे १३०, तेल १४० आणि दूध ५५ रुपये लिटर असे भाव धरले, तर एका माणसाच्या एका दिवसाच्या धान्याला १० रुपये लागतात, डाळीलाही जवळपास तेवढेच, भाजीला २०, फळांना ८, दुधाला साडेसोळा, शेंगदाण्यांना साडेचार आणि तेलाला पावणेचार. बेरीज होते सुमारे ७३ रुपये. महिन्याला ती माणशी २,१९० रुपयांवर जाते, आणि चौघांच्या घराला पावणेनऊ हजारांवर. जळण, मसाले, चहा यांत धरलेले नाहीत.

आता २०२२-२३ ची घरगुती खर्चाची राष्ट्रीय पाहणी शेजारी ठेवावी. ग्रामीण भारतात दरमहा दरडोई सरासरी खर्च ३,७७३ रुपये होता आणि त्यातले सुमारे ४६ टक्के, म्हणजे साधारण १,७५० रुपये, खाण्यापिण्यावर जात होते. सर्वांत गरीब पाच टक्के ग्रामीण लोकांचा सगळा खर्च, म्हणजे अन्न, औषध, कपडे, प्रवास, शाळा हे सगळे धरून, महिन्याला १,३७३ रुपये होता. त्या वर्षीचे भाव थोडे कमी होते असे धरले, तरी पौष्टिक ताट या घरांच्या आवाक्यापासून फार दूर आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. ७३ रुपयांत धान्याचा वाटा सातव्या हिश्शाइतका आहे. भाजी, फळे आणि दूध मिळून साठ टक्क्यांवर जातात. रेशन दुकानातून सुमारे ८० कोटी लोकांना माणशी दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळते. या आधाराने देशातली भूक मोठ्या प्रमाणात रोखली आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण ताटाचा जो कोपरा आधीच सर्वांत स्वस्त होता, त्यालाच हा आधार मिळाला. महाग कोपरे कुटुंबाच्या खिशावरच राहिले. मोलमजुरी करणाऱ्या घरात आठवड्याचा बाजार करताना पैसे कमी पडले की आधी फळ, मग दूध, मग डाळ कमी होते. भाकरी-भात शेवटपर्यंत टिकतो. पैशात मोजता न येणारा खर्चही असतोच. डाळ शिजवायला जळण लागते, पालेभाजी निवडायला आणि भाकरी थापायला वेळ लागतो, आणि तो बहुतेक घरांत बाईचाच असतो. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबून आलेल्या बाईला पाच रुपयांचा बिस्किटपुडा मुलाच्या हातावर ठेवणे सोपे जाते. घरगुती खर्चाच्या त्याच पाहणीत ग्रामीण घरांच्या एकूण खर्चापैकी ९.६ टक्के पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर गेलेले दिसतात, धान्यावर ४.९ टक्के.

स्वस्त धान्यामागची धोरणे

अन्नाची किंमत एकटा निसर्ग ठरवत नाही. १९६० च्या दशकात देश परदेशी गव्हाच्या जहाजांवर अवलंबून होता. हरितक्रांतीने गहू आणि भाताला सुधारित बियाणे, कालवे, खतांवरचे अनुदान, हमीभाव आणि खात्रीची सरकारी खरेदी मिळवून दिली. त्या काळाची ती गरज होती आणि ती भागलीही. पण कोरडवाहू पिकांना आणि कडधान्यांना यातले फारच थोडे मिळाले. १९६१ मध्ये देशात दरडोई रोज ६९ ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती. २००१ मध्ये ती ३० ग्रॅमवर आली. गरिबाच्या प्रथिनांचा मुख्य आधार चाळीस वर्षांत निम्म्याहून खाली घसरला. पुढे आयात वाढली आणि उत्पादनही सुधारले. तरी २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा सामान्य घरांतल्या वरणाची दाटी कमी झाली.

महाराष्ट्रात ज्वारीची गोष्ट तशीच आहे. १९६०-६१ मध्ये राज्यात सुमारे ६३ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती त्याच्या निम्म्यापेक्षाही कितीतरी कमी क्षेत्रावर उरली आहे. खरिपात तिची जागा मुख्यतः सोयाबीन आणि कापसाने घेतली, पाणी पोहोचले तिथे उसाने. रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरातही पोळी-भात रुळला. ज्वारी उपटून काढायची, कणसे मोडायची, मळायची; या कामाला मजूर मिळेना. पेरा घटला तसा भाव चढला. एकेकाळी गरिबांचे अन्न समजली गेलेली ज्वारी आज शहरांतल्या दुकानांत अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळते.

म्हणून आहारातला बदल एकट्या खाणाऱ्याच्या निर्धारावर सोडता येत नाही. अन्नाचा खरा खर्च पावतीवर दिसत नाही. उपसलेले भूजल, खतांमुळे बिघडलेली जमीन, परालीचा धूर, मधुमेहाची औषधे, हे सगळे कोणीतरी भरतोच. उलट जमिनीत नत्र साठवणाऱ्या तुरीला त्या उपकाराचे पैसे मिळत नाहीत. केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: डाळींना पाणी आणि खत कमी लागते, जमिनीचा कस वाढतो, आणि या सामाजिक लाभाचा विचार त्यांचा हमीभाव ठरवताना व्हायला हवा.

भाकरी, आमटी, भाजी

पौष्टिकता आणि निसर्ग यांची सांगड घालणारे जेवण महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूर, मंगळवेढा, नगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात रब्बी ज्वारी भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. दाणा माणसाला, कडबा जनावराला, असा तिचा दुहेरी उपयोग. खरिपात तिच्या किंवा बाजरीच्या ओळींत तूर, मूग, मटकी, कुळीथ घालण्याची रीत आहे. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि पाऊस हुकला तर दोन्ही पिके एकदम बुडत नाहीत.

शेताची ही जोडी ताटातही जमते. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळी पुरवतात. डाळींत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते आणि ते धान्ये भरून काढतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह अवघे ०.६५ मिलिग्रॅम असते, ज्वारीत सुमारे ४ आणि बाजरीत ६.४. ज्वारीत तंतू तांदळाच्या तिपटीहून अधिक असतात. नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आहे, आणि कोकण-सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर ती फारशा खतपाण्याशिवाय पिकते. देशपातळीवरही हे खरे ठरते. कायल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की प्रत्येक जिल्ह्यात भाताऐवजी मका, नाचणी, बाजरी किंवा ज्वारी यांपैकी योग्य धान्य घेतले, तर धान्यांसाठी लागणारे सिंचनाचे पाणी ३३ टक्क्यांनी वाचू शकते, आणि धान्यांतून मिळणारे लोह २७ व जस्त १३ टक्क्यांनी वाढू शकते.

मात्र नुसती भाकरी पुरत नाही. धान्यातले लोह अंगी लागायला लिंबू, आवळा किंवा ताजी भाजी सोबत हवी, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा ते शोषू देत नाही. टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळे, घोळ या रानभाज्या आणि परसातला शेवगा विनाखर्चाचे पोषण देतात. त्यांच्यासाठी रान आणि गायरान मात्र शाबूत हवे. जवस, कारळे, तीळ आणि शेंगदाण्यांच्या चटण्या तेलबियांचा वाटा स्वस्तात भरतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तारली आणि बांगडा हे स्निग्ध मासे कमी भारात उत्तम प्रथिने देतात. भारतात लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना अंडी, दूध, मासे यांची गरज आहे, आणि ते प्रमाण वाढले तरी श्रीमंत देशांच्या मांसाहाराच्या जवळपासही जात नाही.

सार्वजनिक ताटापासून सुरुवात

मार्को स्प्रिंगमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १५० देशांतल्या किमतींचा अभ्यास केला. श्रीमंत देशांत वनस्पतिजन्य शाश्वत आहार चालू आहारापेक्षा स्वस्त पडतो आणि गरीब देशांत महाग, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे: एकीकडे महाग मांस कमी करायचे असते, तर दुसरीकडे डाळ, भाजी, फळे यांची भर घालायची असते. त्यामुळे भारतात नुसत्या उपदेशाने भागत नाही. मजुरी वाढली पाहिजे आणि ताटाचे महाग कोपरे स्वस्त झाले पाहिजेत.

सरकारच्या हाती तीन मोठी ताटे आहेत: रेशन, शाळेतले जेवण आणि अंगणवाडी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यांची तरतूद सुरुवातीपासून होती. कर्नाटकने रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान सुरू करून आदिवासी भागात नाचणीची लागवड, खरेदी आणि अंगणवाडीतले लाडू यांची साखळी जोडली. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण मिळते. स्थानिक ज्वारी-नाचणीची खात्रीची खरेदी, रेशनवर डाळ आणि तेल, शाळेच्या जेवणात अंडी किंवा फळ, एवढ्याने शेतकऱ्याला बाजार आणि मुलाला पोषण एकाच खर्चात मिळते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून साजरे झाले. त्यातून शहरांत महागड्या पाकिटांचा बाजार वाढला. रेशनच्या पिशवीत ज्वारी पडली, तर त्या वर्षाचे खरे चीज होईल.

भाजी-फळांचा प्रश्न वेगळा आहे. ती नाशवंत आहेत. एका हंगामात टोमॅटो रस्त्यावर फेकला जातो आणि दुसऱ्या हंगामात, २०२३ च्या जुलैसारखा, किलोला शंभराच्या वर जातो. गावाजवळ शीतगृह, शेतकरी गटांकडून थेट विक्री, आठवडी बाजारांना हक्काची जागा आणि शाळांच्या परसबागा यांनी हा चढउतार आणि नासाडी कमी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगात ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के वाया गेले, आणि त्यातला ६० टक्के भाग घरांतून गेला.

ज्यांच्या खिशाला पर्याय आहे त्या घरांना बरेच काही करता येते: आठवड्यातून काही दिवस भात-पोळीऐवजी भाकरी, डाळ दाट, हंगामातली भाजी, साखर आणि तळण कमी, आणि शिजवलेले सगळे संपवणे. ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी तो निर्माण करणे ही धोरणाची जबाबदारी आहे. देशाच्या अन्नधोरणाचे यश आजवर कोठारातल्या टनांवर मोजले गेले. यापुढे तीन प्रश्नांवर ते मोजले जायला हवे: सर्वांत गरीब घराला डाळ, भाजी, फळ आणि दूध रोज परवडते का, ते पिकवणाऱ्याला योग्य दाम मिळतो का, आणि ते पिकवून झाल्यावर विहिरीत पाणी उरते का.